चिकूच्या वाटीत काय वाढायचे?

मुलांनो, गेल्या शुक्रवारी आपल्या वर्गाच्या प्रश्नपेटीतून एक चिठ्ठी निघाली. अक्षर गिचमिड होते, 'सफरचंद' या शब्दातला अनुस्वार कुठेतरी उडून गेला होता, पण प्रश्न अगदी स्पष्ट होता : "काकू, माझी बजी काकडी, सफरचद काहीच खात नाही. फक्त दाणे खाते. बाबा म्हणतात दाणे बंद कर, भूक लागली की आपोआप खाईल. बंद करू का?"

प्रश्नपेटीतल्या प्रश्नांची उत्तरे आपण पुढच्या अंकात देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. या प्रश्नाचे उत्तर मात्र मी अंकापर्यंत राखून ठेवले नाही. वर्ग सुटल्यावर घरी पोहोचले आणि आधी त्या मुलाच्या बाबांना फोन केला. दाणे बंद करू नका, एवढेच सांगितले. का, ते आज सविस्तर लिहिते. "कोणाकडे बजी आहे?" असे विचारल्यावर आपल्या वर्गात पाच हात वर झाले होते, म्हणजे हा पाठ एकट्यासाठी नाही.

आधी नावाविषयी. हा पक्षी म्हणजे बजरीगर. महाराष्ट्रात त्याला सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात. खरे लव्हबर्ड निराळे. ते आफ्रिकेतले, अंगाने गुबगुबीत आणि आखूड शेपटीचे. बजरीगर ऑस्ट्रेलियातला, लांब शेपटीचा, मानेवर आणि पाठीवर काळ्या रेघांची नक्षी असलेला छोटा पोपट. लहानपणी मला वाटे, हा बाजरी खातो म्हणून 'बाजरीगर', जसा जादू करणारा जादूगार! तसे काही नाही. हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले आहे. जॉन गूल्ड नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला आणले आणि पुढे ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचले.

आमच्या घरी जो पोहोचला त्याचे नाव चिकू. रुवीतले एक कुटुंब कायमचे भारतात परत निघाले होते. मस्कतमध्ये कोणी कायमचे परत निघाले की सोफा एकाकडे जातो, तुळशीची कुंडी दुसऱ्याकडे, मिक्सर तिसऱ्याकडे. आमच्या वाट्याला चिकू आला. पिंजरा, अर्धी पिशवी दाणे आणि रात्री झाकायला एक जुनी चादर. वय सहा वर्षे. "याला काही लागत नाही हो," त्या वहिनी म्हणाल्या, "दाणे घालायचे, पाणी ठेवायचे." नाव फळाचे, पण सहा वर्षांत फळ म्हणून त्याने चाखलेले नव्हते.

महिन्याभरातच मी कुठेसे वाचले की नुसत्या दाण्यांवर बजी निरोगी राहत नाही, तिला ताजी भाजी आणि फळे लागतात. शिक्षकांची एक वाईट खोड असते. वाचले की लगेच दुसऱ्यावर प्रयोग! शुक्रवारी सकाळी मी दाण्यांची वाटी काढून घेतली आणि तिच्या जागी सफरचंदाची फोड, काकडीची चकती आणि किसलेले गाजर असे सुंदर ताट मांडले. मलाच खावेसे वाटावे इतके सुंदर. दुपारी पाहिले, चिकू वरच्या दांडीवर बसून ताटाकडे एका डोळ्याने बघत होता. म्हटले, बघतोय, म्हणजे खाईल. संध्याकाळी माझी मुलगी म्हणाली, "आई, चिकू चेंडूसारखा का झालाय?"

तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. पिसे फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. ताट जसेच्या तसे. मी धावत दाण्यांची वाटी आणली. तो अडखळत वाटीच्या काठावर चढला आणि कितीतरी वेळ कटकट आवाज करीत दाणे सोलत राहिला. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे नेले. वजन भरले ३१ ग्रॅम. ते एवढेच म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर तुम्ही याला इथे आणला नसता." परतताना गाडीत कोणी बोलले नाही.

असे का झाले? बजीचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. एवढ्या लहान देहातली ऊब भराभर निघून जाते, हृदय फार वेगाने चालते आणि साठवण जवळजवळ नसते. माणूस एकादशीला दिवसभर उपाशी राहू शकतो. बजीला एकादशी परवडत नाही. एक दिवस पूर्ण उपास घडला तरी तिचा जीव धोक्यात येतो.

पण भूक लागली होती तर समोरचे गाजर का खाल्ले नाही? हा हट्टीपणा नव्हे. चिकूला ते अन्न आहे हेच ठाऊक नव्हते. तुमच्यापैकी ज्यांनी आजोळी पहिल्यांदा अख्खा फणस पाहिला, त्यांना आठवत असेल. काटेरी, जडशीळ, झाडाच्या खोडालाच लटकलेला. कोणी सांगितले नसते तर त्याच्या आत गरे आहेत असे तुमच्या स्वप्नात तरी आले असते का? बजीची पिल्ले आईबापांच्या अन्नपिशवीतून ओकून भरवलेले मऊ दाणे खाऊन वाढतात आणि मग थव्यातले इतर जे टिपतात ते टिपायला शिकतात. पिंजऱ्यात जन्मून फक्त दाणेच पाहिलेल्या बजीच्या जगात 'अन्न' या शब्दाचा अर्थ 'दाणा' एवढाच असतो.

आणि बजी बघून शिकते, हे नुसते माझे मत नाही. १९६५ मध्ये डॉसन आणि फॉस या दोन संशोधकांनी बजरीगरांवर एक छान प्रयोग केला. अन्नाच्या भांड्यावर झाकण ठेवले. एका पक्ष्याने ते चोचीने टोचून पाडले, दुसऱ्याने पायाने सरकवले, तिसऱ्याने चोचीत धरून उचलले. शेजारून बघणाऱ्या पक्ष्यांची पाळी आली तेव्हा ज्याने जी युक्ती पाहिली होती, त्याने तीच वापरली. म्हणजे चिकूला गाजर शिकवायचे तर कोणीतरी त्याच्यासमोर ते खाल्ले पाहिजे. आमच्या घरात दुसरी बजी नव्हती. मग ते काम आमच्याकडेच आले.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? बजी रानात दाणेच खाते ना? खाते. पण कोणते दाणे? ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशात बजरीगरांचे थवे पावसामागे फिरतात. जिथे पाऊस पडून गवत वाढले असेल तिथे उतरतात आणि गवताचे बी खातात, त्यात अर्धे कच्चे, दुधाळ दाणेही आले. महाराष्ट्रात थंडीत ज्वारीचा हुरडा खातात ना, तसा हा बजीचा हुरडा! शिवाय दिवसभर उडायचे. आपल्या पिंजऱ्यातल्या बजीला मिळतात ते पिशवीतले वाळलेले, महिनोन्‌महिने साठवलेले दाणे, आणि उडायला दोन हात जागा. ज्वारीचा हुरडा आणि कोठीतली जुनी ज्वारी यांत जेवढा फरक, तेवढाच हाही.

वाळलेल्या दाण्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. कॅल्शियम कमी, आयोडीनही कमी. अ जीवनसत्त्व कमी पडले की नाक, तोंड आणि श्वासनलिका यांचे आतले अस्तर बिघडते. पक्षी शिंकू लागतो, छातीचे आजार जडतात. आयोडीन कमी पडले की गळ्यातली ग्रंथी सुजते आणि श्वास घेताना बारीक आवाज येतो. सूर्यफुलाच्या बियांसारख्या तेलकट बिया फार झाल्या तर यकृतात चरबी साठते. यातले काहीच एका दिवसात दिसत नाही. बजी आजार लपवते, कारण थव्यात जो अशक्त दिसतो त्याला शिकारी पक्षी आधी हेरतो. म्हणून "आमची तर छान आहे, नुसत्या दाण्यांवर!" असे कोणी म्हणाले की मी गप्प बसते, पण मनातून मला ते पटत नाही.

चिकूला शिकवायला आम्हाला सात आठवडे लागले. दाण्यांची वाटी सकाळ-संध्याकाळ नेहमीसारखीच. त्याशिवाय कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्याच्या गजांना कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवायची. पहिले आठ दिवस तो तिच्यापासून लांब बसला. नवव्या दिवशी तिच्यात शिरून चक्क आंघोळ केली! ओल्या पानांत लोळणे बजीला फार आवडते. लोळता लोळता चोचीत एक पान आले, कुरतडले, थुंकले, पुन्हा कुरतडले. त्या दिवशी आमच्या घरी जेवणाआधी श्रीखंड निघाले.

मग गाजर. बारीक किसून दाण्यांवर चिमूटभर भुरभुरायचे. दाणा टिपताना किसाचा तुकडा चोचीला लागतो. त्याच वेळी माझी मुलगी पिंजऱ्याशेजारी बसून कुरुम कुरुम आवाज करीत गाजर खायची, आणि "अहाहा" असेही म्हणायची. यजमानांना हा प्रकार अतिरेकी वाटला. पाचव्या आठवड्यात चिकू पिंजऱ्याच्या जाळीला चिकटून तिच्या हातातले गाजर कुरतडू लागला, तेव्हा त्यांनीच फोटो काढला. काकडी मात्र चिकूने आजतागायत खाल्लेली नाही. आवडीनिवडी सगळ्यांनाच असतात. मलाही कारले आवडत नाही. ती वर्गणी मी बजीकडून का वसूल करावी?

या सगळ्या काळात स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर रोज सकाळी त्याचे वजन करीत होतो. दोन-तीन ग्रॅम घट झाली तर आपल्याला ती नजरेने कळत नाही, पण एवढ्या लहान जिवाला ती फार असते.

दाणे आणि भाजी यांच्यामधला पूल मला शेवटी आपल्याच स्वयंपाकघरात सापडला : मोड! बजीच्या मिश्रणात राळे असतात, बाजरी असते. हे दाणे आठ तास भिजवायचे, स्वच्छ धुवायचे, ओल्या फडक्यात बांधायचे. मस्कतच्या हवेत दुसऱ्या दिवशी पांढरे टोक बाहेर येते. दाणा ओळखीचाच, पण आता तो कोवळा आणि रसदार झालेला. चिकूने मोड पहिल्याच दिवशी खाल्ले. दिवसातून दोन-तीनदा धुवायला विसरू नका आणि आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. बुरशी बजीला फार घातक. मोड आलेच नाहीत तर समजा, दुकानदाराने जुने दाणे दिले. मोडाचे मूगही चालतात. राजमा मात्र कच्चा कधीच नाही, मोड आलेला सुद्धा नाही.

मस्कतमध्ये ताज्या भाजीची ददात नाही. मावेल्याचा मोठा घाऊक भाजीबाजार २०२४ मध्ये बरक्याकडच्या खझाइनला हलला, पण कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा कोथिंबीर, मेथी, गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मक्याची कणसे बारा महिने मिळतात. अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने गडद रंगाची भाजी चांगली : गाजर, लाल भोपळा, मेथी, लाल ढोबळी मिरची, उकडलेले रताळे. पांढरी काकडी आणि फिकट सॅलडची पाने म्हणजे बहुतेक पाणीच. पालक अधूनमधून ठीक. त्यातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून रोज नको. अळू तर नकोच, ते कच्चे असले तर आपलाही घसा खाजवते.

फळे थोडी, कारण त्यांत साखर. सलालाहची पपई, जबल अखदरची डाळिंबे, उन्हाळ्यात ताजा खजूर, सगळे ओमानचेच. खजूर नखाएवढा पुरे. इथे थोडे गणित करा. बजी ३५ ग्रॅम आणि तुम्ही ३५ किलो, म्हणजे तुम्ही तिच्या हजारपट. तिला सफरचंदाची पाच ग्रॅमची फोड देणे म्हणजे तुम्हाला पाच किलो सफरचंदे देणे! रोज दोन चहाचे चमचे दाणे आणि एक चमचा बारीक चिरलेली भाजी, त्यात एखादा तुकडा फळाचा, एवढे तिला भरपूर झाले. उरले तर उरू द्यावे.

सफरचंदाच्या बिया काढून टाका. त्यांत विषारी द्रव्य असते. आणि एक फळ मात्र पक्के लक्षात ठेवा : अवाकाडो. मस्कतमधल्या ज्यूसच्या दुकानांत त्याचा घट्ट शेक मिळतो, तुमच्यापैकी अनेकांचा तो आवडता आहे. बजीला तो थेंबभरही देऊ नका. त्यातल्या पर्सिन नावाच्या द्रव्याने पक्ष्याचे हृदय निकामी होते. चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा, लसूण, वेफर आणि फरसाण हेही नाही. तुम्ही खाताना ती खांद्यावर बसून मागते, हे मला ठाऊक आहे. तरीही नाही.

मिरची चालते का? चालते! पोपटाला मिरची देतात हे तुम्ही गोष्टींत वाचले आहे. मिरचीतल्या तिखट द्रव्याची जळजळ सस्तन प्राण्यांना होते, पक्ष्यांना होत नाही. त्यांच्या मज्जातंतूंवर त्या द्रव्याचा परिणामच होत नाही. मिरचीच्या झाडालाही ते सोयीचे, कारण पक्षी बिया न चावता दूर नेऊन टाकतात. (जाता जाता : सुट्टीत भारतात गेल्यावर हिरवा राघू पाळायचा हट्ट धरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार भारतातले रानपोपट पाळायला बंदी आहे. तसेच लाल चोचीचे पोपट इथे मस्कतच्या झाडांवर मोकळे ओरडत असतात, ते बघा.)

कॅल्शियमसाठी समुद्रफेन द्या. हा शब्द नवा वाटेल, वस्तू ओळखीची आहे. समुद्रकिनाऱ्यावर पांढरे, हलके, होडीच्या आकाराचे तुकडे सापडतात ना, तेच. ते माकूळ जातीच्या प्राण्याच्या अंगातले कवच. दुकानात मिळते. किनाऱ्यावर सापडलेले वापरायचे तर गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलत, मग उकळून, उन्हात खडखडीत वाळवून घ्या.

आपल्याकडे ताज्या अन्नाचा खरा शत्रू म्हणजे उकाडा. २६ जून २०१८ रोजी कुरय्यातमध्ये अख्ख्या २४ तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नव्हता! अशा हवेत चिरलेली पपई किती वेळ टिकेल? ए.सी.च्या खोलीत दोन तासांनी वाटी उचला. बाल्कनीत अर्ध्या तासात. ताजे अन्न सकाळी लवकर द्या, तेव्हा बजीला भूकही असते. आणि भाजी नेहमी धुऊन, औषध-फवारणीचे भान ठेवून.

भाजी खाल्लेल्या दिवशी बजीची विष्ठा पातळ दिसते. घाबरू नका, त्यात पाणी जास्त असते इतकेच. मधला हिरवट-काळा घट्ट भाग आकार सोडू लागला किंवा पक्षी फुगून बसला, तर मात्र पशुवैद्य.

आता एक शब्द शिकू : फोल. दाण्याचे टरफल म्हणजे फोल किंवा फोलपट. आत काही नाही, म्हणून 'प्रयत्न फोल ठरला' असे आपण म्हणतो. बजी दाणा सोलून गर खाते आणि फोलपट पुन्हा वाटीतच टाकते. त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते. काही वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एका मुलीचे कुटुंब खरीफ बघायला सलालाहला गेले. शेजाऱ्यांना सांगून गेले होते, आणि शेजारी रोज येऊन बघत होते. वाटी भरलेली होती, पाणी होते. चौथ्या दिवशी घरचे परत आले तेव्हा बजी तळाशी पडलेली होती. वाटीत एकही दाणा नव्हता. शेजाऱ्यांचा दोष मी म्हणणार नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. रोज वाटीवर हलकी फुंकर घाला, फोलपटे उडतात आणि दाणे राहतात. तुमची आजी सुपात धान्य घेऊन हेच करायची; त्याला पाखडणे म्हणतात. सुट्टीवर जाताना शेजाऱ्यांना किल्लीबरोबर हा शब्दही देऊन जा.

चिठ्ठीवाल्या मुलाचे काय झाले? कालच त्याचा फोन आला होता. दाणे चालू आहेत, बाबा कोथिंबीर आणतात. बजी अजून जुडीपासून लांबच बसते. आज सहावा दिवस.

घरी करून पाहा
१. बजी असेल त्यांनी : रात्री वाटीत दोन चमचे दाणे घाला. सकाळी वाटी पाखडा आणि खरे दाणे किती चमचे उरले ते मोजून वहीत लिहा. पाखडण्यापूर्वी वाटी किती भरलेली दिसत होती, तेही लिहा.
२. बजी नसेल त्यांनी : चमचाभर राळे किंवा बाजरी भिजवून मोड आणा. किती तास लागले? दाणा कसा दिसतो, त्याचे चित्र काढा.
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा : हुरडा कसा भाजतात, आणि त्याच्याबरोबर काय खातात? उत्तर पाच वाक्यांत, मराठीतच.
४. फोल, मोड, पाखडणे, कोवळा हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा. वाक्यात बजी नसली तरी चालेल.